वळणावरचा वेग

माझा मुलगा नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी तो आयसेलमेर सरोवरावर विंडसर्फिंग करतो. फळीवर उभं राहायचं, शीड हातांनी पेलायचं आणि वाऱ्यावर स्वार व्हायचं, असा हा खेळ. एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी संगणकासमोरून तो ओरडला, ''अब्बा, अल्फामध्ये वीस नॉट ओलांडले!'' दोन वर्षं तो या आकड्याच्या मागे होता.

सरळ रेषेत फळी पळवणं त्या मानानं सोपं. कसोटी लागते ती वळणावर. वारा पाठीशी घेऊन फळी फिरवायची, शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं आणि वेगही टिकवायचा. 'अल्फा 500' हे माप त्यासाठीच आहे. वळणासकट जास्तीत जास्त 500 मीटरची फेरी धरायची. तिचा आरंभ आणि शेवट एकमेकांपासून 50 मीटरच्या आत हवा. त्या फेरीचा सरासरी वेग म्हणजे अल्फा. वीस नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर.

थोड्या वेळानं त्यानं तीच फेरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. आकडा आला 19.4. पोराचा चेहरा उतरला. खरं कोणाचं मानायचं?

रात्री आम्ही दोघं त्याचा छडा लावायला बसलो. जीपीएसच्या नोंदींवरून वेग दोन रीतींनी काढता येतो. पहिली रीत म्हणजे दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ. पण ठिकाणाच्या नोंदीत काही मीटरची चूक असू शकते. उपकरण बांधलेला हात पाण्यात बुडाला की संदेश तुटतो. वर आल्यावर नकाशावरचा ठिपका उडी मारतो आणि ती उडीच वेग म्हणून मोजली जाते. दुसरी रीत डॉप्लरची. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते, लांब जाणारीची उतरती. उपग्रहाच्या लहरींतला असाच फरक ओळखून उपकरण थेट वेग काढतं. हा आकडा अधिक भरवशाचा.

मुलानं पहिल्या सॉफ्टवेअरला जीपीएक्स 1.1 प्रकारात बदललेली फाइल दिली होती. त्या प्रकारात वेगासाठी ठरलेला रकानाच नाही. डॉप्लरचे आकडे तिथंच गळाले. दुसऱ्याला उपकरणाची मूळ फाइल मिळाली होती.

आणखी एक मेख आहे. 24 नॉट वेगानं फळी सेकंदाला बारा मीटर जाते. सेकंदाला एकच नोंद असेल, तर 50 मीटरची अट नेमकी कुठे पुरी झाली? एखादं सॉफ्टवेअर नोंदलेला बिंदूच धरील, दुसरं मधला बिंदू अंदाजानं काढील. वळणातला सर्वांत कमी वेगही दोन नोंदींमध्ये निसटू शकतो. म्हणून सेकंदाला पाच किंवा दहा नोंदी घेणारं उपकरण बरं. तुलना करायची तर मूळ फाइल एकच हवी आणि हंगामभर सॉफ्टवेअरही एकच.

मुलानं वहीत 19.4 लिहिलं. कवितेतली कमी पडलेली मात्रा म्हणताना ओढून भरता येते. कागदावर ती कमीच राहते.

परवा त्याचा फोन आला, ''अब्बा, 19.8!'' कुठल्या फाइलवरून, हे मी विचारलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)