हायब्रीड गाडी घेण्याआधी वही काढा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पन्नास हजारांचं कर्ज मागितलं. मुलगा रोज आर्वीहून पुलगावला नोकरीला जातो. त्याला हायब्रीड गाडी घ्यायची होती आणि डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "हायब्रीड तं जवारी असते व माय, गाडी कुठून आली?" सगळ्या हसल्या. पण पैसा गटाचा आहे, म्हणून आधी समजून घ्यायचं आणि मग सही करायची, असं आम्ही ठरवलं.

आजींचं काही चुकलं नव्हतं. हायब्रीड म्हणजे संकर. ज्वारीत दोन वाणांचा, तसा या गाडीत पेट्रोलच्या इंजिनाचा आणि विजेच्या मोटरचा. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ साली विक्रीला आली, तेव्हापासून ही पद्धत घरगुती गाडीत रुळली.

वीज येते कुठून, हा पहिला प्रश्न होता. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीडला चार्जर लावायचाच नसतो, त्यामुळे लोडशेडिंगची चिंता नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. इथेही तसंच होतं. ब्रेक दाबला की मोटरच डायनॅमो बनते, गाडी हळू होते आणि वीज बॅटरीत जमा होते. साध्या गाडीत ही ताकद ब्रेक तापण्यात वाया जाते. मग सिग्नलला इंजिन बंद राहतं आणि गाडी निघते ती त्या साठवलेल्या विजेवर. म्हणजे सगळी ताकद शेवटी पेट्रोलचीच, फक्त सांडलेलं भरून घेतलेलं.

म्हणूनच ही गाडी गर्दीत जास्त वाचवते. नागपूरच्या सीताबर्डीत चांगला फायदा होतो, समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगात कमी, कारण तिथे ब्रेकच लागत नाही. आर्वी-पुलगाव रस्ता या दोन्हींच्या मधला.

दुकानात 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' असे शब्द ऐकायला मिळतात. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा विक्रेता नुसतं "हायब्रीड आहे" म्हणत राहिला. दोनदा खोदून विचारल्यावर माइल्ड निघाली. तेव्हा हा प्रश्न आधीच विचारा.

आता हिशेब. मारुतीच्या स्ट्राँग हायब्रीड ग्रँड व्हिटाराचं चाचणीतलं ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. रस्त्यावर तेवढं मिळत नाही, म्हणून आम्ही २२ धरलं, साध्या पेट्रोल गाडीचं १६ धरलं आणि पेट्रोल १०५ रुपये. किलोमीटरमागे साधारण एक रुपया ऐंशी पैसे वाचले. जाऊन-येऊन रोज ७० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ३७,८०० रुपये. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक अडीच लाख धरला, तर तो फिटायला साडेसहा वर्षं लागतात, आणि त्यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. जो रोज बारा-पंधरा किलोमीटरच फिरतो, त्याची गाडी म्हातारी होईल तरी फरक फिटणार नाही.

किंमत जास्त असण्यात कराचाही वाटा आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. आम्हाला हे अंतर पटत नाही, पण भरावं तर लागतंच.

बॅटरीची भीती सगळ्यांना वाटते. टोयोटा आपल्या हायब्रीड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते, जे आधी होईल ते. जुनी गाडी घेत असाल तर त्यातली किती हमी उरली, हे कागदावर पाहा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. तिथे पोतं किंवा पापडाचे डबे ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. काही गाड्यांत बॅटरीमुळे डिकीही लहान होते, म्हणून माल न्यायचा असेल तर आधी डबे घेऊन जा आणि ठेवून पाहा. बॉनेटखाली संत्र्याच्या रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. त्यांतून जीवघेणी वीज वाहते. आणखी एक, गल्लीत ही गाडी विजेवर आवाज न करता येते. दारात खेळणाऱ्या पोरांना ती ऐकू येत नाही, तेव्हा चालवणाऱ्यानेच जपायला हवं.

ताईंच्या मुलाला आम्ही हा सगळा हिशेब दाखवला. तो आधी रुसला, मग म्हणाला, रविवारी भाड्यानेही फिरवीन. आम्ही सांगितलं, महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिही. कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीसाठी ठेवला आहे. पहिल्या आठवड्याचे ४६० किलोमीटर लिहून झालेत.