अलग वाहनगृहापर्यंत भूमिगत वीज व डेटा केबल : काही तांत्रिक बाबींचे विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या आवारात मुख्य इमारतीपासून काही अंतरावर स्वतंत्र वाहनगृह असणे ही नवी गोष्ट नाही. पूर्वी तेथे एखादा दिवा पुरत असे. विजेवर चालणाऱ्या दुचाकी व मोटारी आल्यापासून त्याच वाहनगृहास चार्जिंगसाठी भरीव वीजपुरवठा आणि कॅमेऱ्यासाठी डेटा जोडणी लागू लागली आहे. ही गरज पुष्कळदा झाडावरून ओढलेल्या तारेने भागविली जाते आणि वादळात फांदीबरोबर ती तारही खाली येते. भूमिगत केबल हा त्यावरील योग्य उपाय होय. मात्र तारा नजरेआड झाल्या म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे. दोन इमारती केबलने जोडताना त्यांच्या भूसंपर्कनाचा, म्हणजेच आर्थिंगचा, परस्परसंबंध कसा राहील हा या कामातील खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ६० मीटर अंतरावरील, ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर असलेले वाहनगृह उदाहरणादाखल घेतले आहे.

चर व पाइप

आयएस १२५५ या भारतीय मानकानुसार कमी दाबाची वीज केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल असावी. रस्ता ओलांडताना ही खोली १ मीटर धरली जाते. केबलच्या खाली व वर वाळूचा थर, त्यावर विटा आणि भरावात धोक्याची पट्टी, अशी रचना रूढ आहे. वीज केबल व दळणवळणाची केबल यांत ३० सेंटिमीटर अंतर राखावयाचे असते. म्हणजे दोन्हींसाठी चर एकच चालतो, पाइप मात्र एक चालत नाही. काळ्या जमिनीत आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी ताणून टाकलेली केबल सांध्यापाशी ओढली जाते. म्हणून तिला किंचित नागमोडी ढील द्यावी.

पाइपमुळे केबल कोरडी राहते असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात जमिनीखालचा पाइप पावसाळ्यात आतून ओला होतोच. सांध्यांतून पाणी झिरपते, आणि ते नाही झिरपले तरी आतील हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचते. पाइप फावड्यापासून व बऱ्याच अंशी घुशींपासून रक्षण करतो, पाण्यापासून नाही. त्यामुळे पाइपात टाकावयाची केबलही ओल्या जागेसाठीच बनविलेली असावी. इमारतीच्या आत वापरण्याची साधी नेटवर्क केबल पाइपात टाकणे ही यातील नेहमीची चूक होय. पाइपाला चेंबरकडे थोडा उतार द्यावा आणि दोन्ही तोंडे बंद करावीत. अन्यथा पाण्याचा मार्ग थेट वितरण पेटीपर्यंत पोहोचतो.

वीज

केबलची जाडी केवळ प्रवाहावरून ठरविता येत नाही. तांब्याची रोधकता मीटरमागे ०.०१७२ ओहम चौरस मिलिमीटर धरली, तर जाण्यायेण्याच्या १२० मीटर लांबीत ६ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध ०.३४ ओहम होतो. ३२ अँपिअरला सुमारे ११ व्होल्ट, म्हणजे २३० व्होल्टच्या ४.८ टक्के दाब वाटेतच खर्च होतो. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास ही घट २.९ टक्क्यांवर येते. केबल तापल्यावर दोन्ही आकडे काहीसे वाढतात. चार्जर तासन्‌तास पूर्ण भाराने चालत असल्याने येथे काटकसर इष्ट नाही.

यापेक्षा गंभीर बाब भूसंपर्कनाची आहे. मुख्य इमारतीपासून भूसंपर्क तार न आणता वाहनगृहापाशी स्वतंत्र खड्डा करून तेवढ्यावर भिस्त ठेवली जाते. समजा, या खड्ड्याचा रोध १० ओहम व ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या भूसंपर्कनाचा २ ओहम आहे. चार्जरच्या धातूच्या पेटीस फेज लागला, तर मातीतून वाहणारा प्रवाह २३० भागिले १२, म्हणजे जेमतेम १९ अँपिअर होतो. ३२ अँपिअरच्या एमसीबीला हा साधा भार वाटतो. ती पडत नाही. पेटीवर मात्र सुमारे १९० व्होल्ट दाब उभा राहतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला शिपाई त्या पेटीला हात लावू शकतो. महाविद्यालयाचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असून त्याच्या न्यूट्रलशी जोडलेली भूसंपर्क तार केबलबरोबर आणली असेल, तर दोषाच्या मार्गाचा एकूण रोध अर्धा ओहम धरला तरी प्रवाह ४६० अँपिअर होतो व एमसीबी तत्क्षणी पडते. याखेरीज ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. जेथे पुरवठादाराकडून भूसंपर्क मिळत नाही तेथे तर सारा भार तिच्यावरच असतो. आर्मर्ड केबलचे पोलादी कवच दोन्ही टोकांस ग्लँडद्वारे नीट जोडावे. न्यूट्रल व भूसंपर्क वाहनगृहात पुन्हा एकत्र जोडू नयेत. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते.

डेटा

इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. अंतर ६० मीटरच असल्याने तांबे पुरेसे वाटते, आणि संकेतवहनापुरते ते पुरेसे आहेही. अडचण विजेच्या कडकडाटाची आहे. मृगाच्या आधीच्या वादळात इमारतीवर वीज पडली आणि २०,००० अँपिअर प्रवाह ५ ओहमच्या भूसंपर्कनातून जमिनीत गेला, तर त्या इमारतीची ‘जमीन’ क्षणभर १,००,००० व्होल्टपर्यंत उचलली जाते. साठ मीटरवरील जमीन तेवढी उचलली जात नाही. हा फरक भरून काढण्यास प्रवाहाला धातूचा जो दुवा मिळेल तो तो घेतो. इथरनेट जोडणीचे विलगन १,५०० व्होल्टच्या चाचणीस टिकेल इतकेच अपेक्षित असते. अशा दाबापुढे उपकरण जळणे हे ओघाने आलेच.

ऑप्टिकल फायबरची काच वीज वाहून नेत नाही, म्हणून दोन इमारतींमधील डेटा जोडणीस तीच योग्य. मात्र घुशींच्या भयाने पोलादी कवचाची फायबर घेतली, तर धातूचा दुवा पुन्हा निर्माण होतो. धातुरहित फायबर घेऊन ती जाड एचडीपीई पाइपात टाकणे अधिक श्रेयस्कर. दोन्ही टोकांस परिवर्तक उपकरणे लागतात. त्यांचा खर्च एका वादळात जळणाऱ्या स्विच व कॅमेऱ्यांच्या मानाने किरकोळ आहे. वाहनगृहातील कॅमेऱ्यास तेथल्याच स्विचमधून वीज द्यावी.

खर्चाचा मोठा वाटा खोदाईचा असतो, केबलचा नव्हे. म्हणून भराव टाकण्यापूर्वी एक रिकामा पाइप, आत नायलॉनची दोरी ओवून व तोंडे बंद करून, त्याच चरात ठेवावा. चर उघडा असतानाच भिंतीपासूनची अंतरे मोजून नकाशा तयार करावा आणि त्याची एक प्रत वितरण पेटीच्या दारामागे लावावी, कारण पुढे जेसीबी आणणाऱ्या ठेकेदारास कार्यालयातील फाइल सापडत नाही.