भाजीचा श्वास आणि बाजाराचे अंतर

सकाळी मंडईतून आणलेली मेथीची जुडी स्वयंपाकघरात तशीच पडून राहिली, तर संध्याकाळी तिची काय अवस्था होते ते तुम्ही पाहिलेच असेल. पाने माना टाकतात, जुडी हलकी लागते. त्याच पिशवीतून आलेला कांदा मात्र जसाच्या तसा! दोन्ही शेतातलेच, मग असा फरक का पडावा?

याचे कारण असे की, खुडलेली भाजी मेलेली नसते. मुळांपासून तुटली तरी तिच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे श्वसन चालूच असते. श्वसनात साखर व ऑक्सिजन खर्ची पडतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडतात. झाडावर असताना ही साखर पानांतील प्रकाशसंश्लेषणाने भरून निघते. खुडल्यावर मिळकत थांबते, खर्च मात्र थांबत नाही. भाजी मुद्दल मोडून खाऊ लागते, असेच म्हणा ना!

हे पडताळून पाहायचे आहे? मग घट्ट झाकणाच्या सारख्या आकाराच्या तीन बरण्या घ्या. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून तो खाली बसू द्या आणि वरची स्वच्छ निवळी तीन लहान वाट्यांत ओता. (चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.) पहिल्या बरणीत मटाराच्या ताज्या शेंगा, दुसरीत तेवढ्याच वजनाचे बटाटे ठेवा; तिसरी रिकामी ठेवा. प्रत्येकीत निवळीची एक वाटी ठेवून झाकणे लावा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. कोणत्या बरणीतली आधी दुधाळ झाली, याची नोंद करा.

मटार पहिला येईल. सारख्या तापमानाला मटाराच्या श्वसनाचा वेग बटाट्याच्या दसपटीहूनही अधिक असतो. म्हणूनच ताजा मटार गोड लागतो आणि शिळा पिठूळ: त्याची काही साखर श्वसनात जाते, तर काहीचा स्टार्च होतो. पालेभाज्यांची गत अशीच. शिवाय त्यांच्या पसरट पानांतून पाणीही झपाट्याने उडते, आणि वजनात शेकडा चार-पाच इतकी घट झाली तरी त्या मलूल दिसू लागतात. जोडीला क जीवनसत्त्वही घटत जाते. कांदा व बटाटा हे वनस्पतींचे साठवणीचेच अवयव. त्यांचा श्वास संथ असतो. त्यामुळे कांदा चाळीत कित्येक महिने राहतो आणि दूरच्या बाजारपेठाही गाठू शकतो.

यात तापमानाची भर पडते. दर १० अंश सेल्सिअसला श्वसनाचा वेग साधारणपणे दुपटी-तिपटीने वाढतो. जाणता शेतकरी भाजी पहाटे खुडतो, ओल्या गोणपाटाने झाकतो आणि ऊन चढण्याच्या आत बाजार गाठू पाहतो, तो यासाठीच.

आता लक्षात येईल की, ज्या मालाचा श्वास जलद, त्याचा बाजार जवळ असलेला बरा. जर्मनीतील जमीनदार व अर्थशास्त्रज्ञ फोन थ्यूनन यांनी १८२६ साली एका ग्रंथात कल्पनेतल्या एका शहराभोवती शेतीची वर्तुळे मांडली. शहरालगतच्या वर्तुळात त्यांनी दूध व भाजीपाला ठेवला, धान्य त्यापलीकडे. आज शीतगृहे आणि वातानुकूलित ट्रक आहेत, तरी भाजीच्या पेशींचा स्वभाव बदललेला नाही.

पण भाजीचा वेळ केवळ रस्त्यावर जातो असे नाही. शेतकरी, आडत्या, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता असे अनेक टप्पे ती ओलांडते. प्रत्येक टप्प्यावर चढ-उतार होते, नासधूस होते आणि किंमत वाढते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ साली काढलेल्या अंदाजानुसार, ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे.

ही साखळी आखूड करण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली, आंध्र प्रदेशात १९९९ साली ‘रयतु बाजार’. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आणि कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने पुण्यासारख्या शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. गावोगावच्या आठवडी बाजाराचेच हे शहरी भावंड!

तरीही शेतकऱ्याची एक काळजी उरतेच. दिवसभर बसून विकलेली भाजी त्याची, तशी न खपलेलीही त्याचीच. आणि पेरणीनंतर गारपीट झाली, तर सारा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी. यावर एक तोड आहे. समजा, ५० कुटुंबांनी हंगामाच्या आरंभी प्रत्येकी ४,००० रुपये एका शेतकऱ्याला दिले. बी-खतासाठी त्याच्या हाती २ लाख रुपये आले. त्याला कर्ज काढावे लागले नाही. पुढे दर आठवड्याला त्या शेतातले जे पिकेल त्याचा सारखा वाटा प्रत्येक घरी जातो. पीक भरघोस आले तर टोपली भरते. गारपीट झाली तर सर्वांचीच टोपली थोडी रिकामी राहते, पण शेतकरी बुडत नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने अशी पद्धत रुजली; अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर तिचा आरंभ झाला. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक करून लोक एकमेकांच्या शेतात श्रम वाटून घेत. इथे जोखीम वाटून घ्यायची.

मात्र जवळचे ते सर्वच बाबतींत चांगले, असे समजू नका. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा शेकडा ११ इतकाच होता; बराच मोठा वाटा अन्न पिकवण्याचा होता. अर्धा रिकामा टेम्पो जवळून आला म्हणून इंधन वाचेलच असे नाही. ताजेपणा आणि शेतकऱ्याच्या पदरी पडणारे पैसे, हा जवळच्या बाजाराचा खरा लाभ.

येत्या बाजाराच्या दिवशी वही घेऊन जा. पाच विक्रेत्यांना विचारा: भाजी कुठली? कधी खुडली? तुमच्याकडे येईपर्यंत ती किती हातांतून गेली? घरी आल्यावर मेथीच्या जुडीचे वजन करा आणि दर तीन तासांनी पुन्हा करा. वर्गातल्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून तक्ता मांडा. आपल्या गावाची भाजी किती तासांची आणि किती हातांची आहे, हे तुम्हांला स्वतःलाच सांगता येईल.