आधी पीठ बघ!
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि घाट चढून मावळात शिरले. टाळेबंदीमुळे आम्ही उर्से गावी मामींकडेच होतो. सकाळी मी मेणबत्त्या शोधीत होते; मामी म्हणाल्या, “अगं, आधी पीठ बघ!” मला हसू आले. चूल लाकडांवरची, तिला वीज कशाला? पण गिरणी विजेवर, पाण्याचा पंपही विजेवर! मामींनी ज्वारी दळून आणवली, हंडे भरले, मिक्सर चालतोय तोवर चटणी वाटून ठेवली. दुपारी विजेचे खांब आडवे झाले. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. घरात पोतेभर ज्वारी, पण मुलांच्या भाकरीला पीठ नाही! मामींनी निमूटपणे डबा पुढे केला. तेव्हापासून वादळाची वार्ता आली, की मी मेणबत्तीआधी पिठाचा डबा उघडून पाहते.