ध्वनिमुद्रिकेवरील नांव

आपल्याकडील कवींनीं आपलें नांव रचनेंतच गुंफून ठेवलें. पैठणच्या एकनाथमहाराजांच्या अभंगाच्या शेवटीं 'एका जनार्दनीं' ही मुद्रा येते. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचा, अठराव्या शतकांतील शायर सिराज हाहि गझलेच्या अखेरच्या शेरांत आपलें नांव घालतो. पाठांतरांत चार शब्द इकडचे तिकडे झाले तरी कर्ता कोण हें त्यामुळें कळतें. गाणाऱ्याला मात्र अशी सोय नव्हती.

ध्वनिमुद्रण आल्यावर सूर टिकला. पण नांवाचा प्रश्न उरलाच. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गायन मुद्रित झालें. तबकड्या तयार होत त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें. कोणती तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस समजावें म्हणून गाण्याच्या अखेरीस ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. तीच तिची नाममुद्रा!

बोलपटांत पार्श्वगायन रूढ झालें आणि ही मुद्राहि गेली. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा. १९४९ सालच्या 'महल' मधील खेमचंद प्रकाश ह्यांनीं स्वरबद्ध केलेल्या एका गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असें छापलें होतें. कामिनी हें मधुबालेच्या भूमिकेचें नांव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. हा आवाज कोणाचा, असें विचारणारीं पत्रें रेडिओकडे येऊं लागलीं. तेव्हां कंपनीकडे चौकशी होऊन खरें नांव श्रोत्यांस सांगण्यांत आलें. रसिकांच्या कुतूहलानें केलेलें हें काम लहान नव्हे.

लताबाईंच्या आरंभीच्या गाण्यांविषयीं रसिकांत आजहि वाद रंगतात. १९४२ सालीं 'किती हसाल' साठीं त्यांनीं सदाशिवराव नेवरेकर ह्यांच्या चालीवर एक गीत गाइलें. परंतु तें चित्रपटांतून वगळलें गेलें. त्याच वर्षीं 'पहिली मंगळागौर' मध्यें त्यांचें गाणें आलें. मग पहिलें गीत कोणतें म्हणावें? गाइलेलें कीं श्रोत्यांपर्यंत पोंचलेलें? दोन्ही गोष्टी वर्षासह नोंदल्या म्हणजे वाद मिटतो.

दुसरा वाद आवाजाचा. निर्माते शशधर मुखर्जी ह्यांनीं हा आवाज फार पातळ म्हणून नाकारला होता. गुलाम हैदर ह्यांनीं १९४८ च्या 'मजबूर' मध्यें त्यास स्थान दिलें. आरंभींच्या गाण्यांत नूरजहांची छाया किती, हेंहि रसिक कान देऊन शोधतात. पण निर्णय देण्याआधीं यंत्र तपासावें. जुनी तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते. यंत्रानें चारच फेरे अधिक घेतले तरी सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो आणि आवाज असेल त्याहून कोंवळा व पातळ भासतो. दोष गळ्याचा कीं यंत्राचा, हें ठरविल्यावांचून केलेली तुलना व्यर्थ होय.

तिसरा वाद शब्दांचा. तबकडीच्या खरखरींत 'स' आणि 'श' सारखीं अक्षरें बुडतात. तेथें ज्याला जें सुचेल तें तो ऐकतो. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. म्हणून चित्रपटांतील एखादें कडवें तींत नसे. अशा वेळीं चित्रगृहांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका उपयोगीं पडतात. त्यांतहि छापण्याच्या चुका असतात. तरी पुस्तिका, तबकडी आणि चित्रपट हे तीन साक्षीदार एकत्र केले म्हणजे बहुधा खरा शब्द हातीं लागतो.

घराघरांतील माळ्यावर अद्याप कांहीं तबकड्या पडून असतील. लाखेच्या त्या वस्तु पडल्या कीं फुटतात, आणि त्यांचे कागदी पाठकोट तर केव्हांच फाटून गेलेले असतात. मोडींत देण्यापूर्वीं निदान तबकडीवरचा क्रमांक, गायकाचें, गीतकाराचें व संगीतकाराचें नांव वहींत उतरून ठेवावें. एकनाथांना त्यांच्या मुद्रेनें राखलें; गाणाऱ्याची मुद्रा मात्र ऐकणाऱ्यांनींच जपावयाची असते.