लॅपटॉप मंद कां होतो ?

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाची चित्रफीत तयार करण्याचें काम आम्हां कांहीं विद्यार्थ्यांकडे आलें होतें. सारे तुकडे जोडून झाल्यावर शेवटचें काम लॅपटॉपवर सोंपवून आम्ही वाट पाहत बसलों. प्रथम काम झपाट्यानें चाललें. पण थोड्याच वेळांत गति मंदावली, पंखा घोंघावूं लागला व यंत्राचा तळ हातास चटके देऊं लागला. "यंत्र बिघडलें, आतां नवें घेणें आलें," असें वडील मंडळींस वाटलें. खरें कारण निराळेंच होतें. तें वाचकांस कळल्यास एखाद्या घरचा नाहक खर्च टळेल, म्हणून येथें सांगत आहों.

लॅपटॉपमधील प्रोसेसर ही नखाएवढी चकती असते. तीमध्यें अब्जावधि सूक्ष्म ट्रान्झिस्टर असून ते दर सेकंदास कोट्यवधि वेळां उघडझाप करितात. त्यांस लागणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेण्यासाठीं तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तींतील हवा काढून थोडें पाणी घातलेलें असल्यामुळें तें १०० अंशांच्या पुष्कळ खालींच उकळतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना ५०० हून अधिक कॅलरी उष्णता शोषिली जाते. ती वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथील पातळ पात्यांस उष्णता देऊन पुन्हां पाणी होते आणि दिव्याच्या वातींतून तेल चढावें त्याप्रमाणें नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून माघारी येते. पात्यांची उष्णता पंख्याचा वारा बाहेर नेतो.

हा वाराच अडला तर काय होईल ? कित्येक प्रोसेसरांची मर्यादा सुमारें १०० अंश सेल्सिअस असते. ती जवळ आली कीं प्रोसेसर आपण होऊन वेग व विजेचा दाब उतरवितो. दाब उतरला कीं उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. म्हणून थोडा वेग सोडल्यानें पुष्कळ उष्णता वांचते. सारांश, मंद होणें हा यंत्राचा बिघाड नसून स्वसंरक्षण होय.

आमचा लॅपटॉप गोधडीवर ठेविलेला होता. त्यामुळें तळाचीं हवेचीं छिद्रें बुजलीं होतीं. शिवाय त्यांवर धुळीचा थर होता. यंत्र बंद करून, वीज तोडून आम्हीं मऊ कुंचल्यानें धूळ झाडली व यंत्र सपाट मेजावर ठेविलें. त्याच रात्रीं काम पुरें झालें.

अर्थात् भर उन्हाळ्यांत आंत येणारी हवाच तप्त असते. तेव्हां स्वच्छ यंत्रासही पूर्ण वेग टिकवितां येईलच असें नाहीं. पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रोसेसर तोच असला तरी अति पातळ यंत्रांत नळी व पंखा यांस जागा अपुरी पडते, आणि दीर्घ काम चाललें असतां तें मागें पडण्याचा संभव असतो. म्हणून खरेदी करतांना केवळ प्रोसेसरचें नांव पाहूं नये. उष्णता बाहेर जाण्याची सोय कशी आहे, हेंही विचारावें.