नऊवारीतली रागीट मावशी

मुंबईचे चित्रकार अभिजित किणी यांनी २०१२ साली ‘अँग्री मावशी’ ही इंग्रजी चित्रकथा काढली. महाबली नायकांची थट्टा करता करता तिने भ्रष्ट पुढाऱ्यांवर नेम धरला आहे. नायिका कोण? नऊवारी नेसलेली मावशी! चित्रे हास्यचित्राच्या धाटणीची आहेत. माजरीच्या खाण वसाहतीतल्या लेकरांनाही ही मावशी पाहताच ओळखीची वाटेल, हेच आम्हांला चित्रांचे यश वाटते. कथेत मात्र धोका आहे. पुढाऱ्याला अद्दल घडली की वाचक हसून मोकळा होतो. राजकारणातल्या विभूतिपूजेपासून सावध राहा, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. म्हणून थोरल्या मुलांना ही चित्रकथा जरूर दाखवा. पण हसून झाल्यावर विचारा, मावशी आलीच नाही तर आपण काय करायचे?